ट्रॅक्टरचा आंस व त्याची निगा

शेतीच्या यंत्रांसंबंधानें आमच्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक खरेदीच्या वेळीं होते. ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा घ्यावा, कर्ज कोठून काढावें, नांगर दोन फाळांचा असावा कीं तीन फाळांचा, ह्या प्रश्नांवर पारावर बसून तासचे तास वाद घालणारे गृहस्थ, त्याच ट्रॅक्टरचा भार ज्या पोलादी दांड्यावर तोललेला असतो त्याविषयीं तो मोडेपर्यंत चकार शब्दही काढीत नाहींत. मोडला म्हणजे मात्र ‘ग्रह फिरले’ असें म्हणून मोकळे होतात. आमचें मत ह्याहून अगदीं निराळें आहे. आंसाचा बिघाड तो मोडण्यापूर्वीं कित्येक महिने, कधीं कधीं कित्येक वर्षें, सुरू झालेला असतो, आणि त्या अवधींत त्यानें धन्यास अनेक वेळां सूचना दिलेली असते. ती सूचना वाचण्यास कोणतेंही मोठें शास्त्र लागत नाहीं. तरीही ती वाचली जात नाहीं, व त्याचें प्रायश्चित्त पुष्कळदां धन्यास नव्हे, तर ट्रॅक्टर हांकणाऱ्यास व ट्रॉलीवर बसलेल्या मजुरास भोगावें लागतें, म्हणून हा विषय आम्हीं आज हातीं घेतला आहे.

आंस हा शब्द वाचकांस नवा नाहीं. संस्कृतांतील अक्ष तोच मराठींत आंस झाला, आणि मिस्त्री ज्यास ‘एक्सल’ म्हणतो तो इंग्रजी शब्दही त्याच प्राचीन घराण्यांतला आहे. दशरथाच्या रथाचा आंस रणांगणावर निकामी झाला असतां कैकेयीनें तेथें आपला हात घालून रथ सांवरला, ही कथा आमच्याकडे घरोघर सांगितली जाते. त्यापायीं मिळालेल्या वरांचा पुढील अनर्थ सर्वांस आठवतो. पण युद्धास निघण्यापूर्वीं रथ कोणी तपासला होता कीं नाहीं, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

बैलगाडीच्या काळीं गाडीवान इतका बेफिकीर नव्हता. चाक सरकवून आंसास वंगण, ज्यास कित्येक ठिकाणीं ओंगण म्हणतात, घालणें हा त्याच्या नित्यक्रमाचा भाग होता. लांबच्या वाटेस निघतांना वंगणाचें भांडें गाडीखालीं टांगलेलें असे. चाक कुरकुरूं लागलें तर तें शेजारच्या शेतांतल्या माणसासही ऐकूं येई, आणि गाडीवानास त्याची लाज वाटे. ट्रॅक्टरनें ही लाज नाहींशी केली. इंजिनाच्या गोंगाटांत बेअरिंगचें रडणें ऐकूं येत नाहीं, हब टोपणानें झांकलेला असतो, आणि मागचा आंस तर ओतीव बिडाच्या आवरणांत दडलेला असतो. डोळ्यांआड व कानांआड झालेली ही वस्तु मग मनांतूनही उतरते.

सर्व आंस एका जातीचे नसतात, आणि हा भेद ध्यानांत आल्याशिवाय पुढील विवेचन उमजणार नाहीं. ट्रॉलीचा आंस स्वतः फिरत नाहीं. तो चौकोनी पोलादी बार असून कमानपाट्यांस यू-बोल्टांनीं आवळलेला असतो, व त्याच्या दोन्ही टोंकांवर चाकांचे हब बेअरिंगवर फिरतात. ज्या ट्रॅक्टरांत फक्त मागचीं चाकें ओढतात, त्यांचा पुढचा आंसही असाच न फिरणारा. तो मध्यभागीं एका पिनेवर झुलता बसविलेला असतो, म्हणून एक चाक बांधावर व दुसरें सरींत असलें तरी ट्रॅक्टर चारही चाकांवर उभा राहतो. मागचा आंस निराळा. त्याचे डावा व उजवा असे दोन दांडे असतात. त्यांस हाफ शाफ्ट म्हणतात. इंजिनाचा सगळा पीळ डिफरन्शियलमधून ह्या दांड्यांनींच चाकांपर्यंत पोंचतो, आणि बहुतेक ट्रॅक्टरांत मागचें वजन उचलण्याचें कामही त्यांच्याच बाहेरच्या टोंकांवर येतें. म्हणजे एकच दांडा पिळलाही जातो व वांकविलाही जातो. जड मालमोटारींत अशी रचना असते कीं वजन बाहेरचें नळकांडें पेलतें व आंतील दांडा नुसतें चाक फिरवितो; तेथें दांडा मोडला तरी चाक जाग्यावर राहतें. ट्रॅक्टरांत व पुष्कळशा जीपगाड्यांत ती सोय नाहीं. तेथें दांडा बाहेरच्या बेअरिंगपाशीं मोडला कीं चाक गाडीपासून सुटतें.

आतां आंस मोडतो कां, हें पाहूं. ह्या प्रश्नाचें उत्तर जगास मोठी किंमत देऊन मिळालें आहे. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या आगगाडीच्या पुढच्या इंजिनाचा आंस मोडला, मागचे डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि डब्यांचीं दारें बाहेरून बंद असल्यामुळें पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्या काळीं असा समज होता कीं सततच्या धक्क्यांनीं लोखंडाचा पोतच बदलतो व तें दाणेदार आणि ठिसूळ होतें. रँकिन ह्या स्कॉटिश अभियंत्यानें पुढच्याच वर्षीं हा समज खोडून काढला. जेथें आंसाची जाडी एकदम कमी होते त्या कोपऱ्यांत एक बारीक चीर पडते, ती हळूहळू आंत सरकत जाते, व शिल्लक राहिलेला भाग भार पेलण्यास अपुरा पडला कीं दांडा एकाएकीं तुटतो, असें त्यानें मोडलेल्या आंसांवरून दाखविलें. त्यानंतर प्रशियांतील रेल्वेचा अभियंता ऑगस्ट व्होलर ह्यानें सन १८५० ते १८७० च्या दरम्यान वर्षानुवर्षें प्रयोग करून असें सिद्ध केलें कीं, जो भार एकदांच दिला असतां लोखंड सहज पेलतें, तोच भार आलटून पालटून लाखों वेळां दिला असतां तें मोडतें. ह्यास आज धातूचा थकवा असें म्हणतात. बैल थकला म्हणजे बसतो, व रात्रभर विसांवा मिळाला कीं सकाळीं पुन्हा उभा राहतो. लोखंडाचा थकवा मात्र विश्रांतीनें जात नाहीं.

हाच हिशेब आमच्या ऊस-वाहतुकीस लावून पहावा. फिरणाऱ्या आंसावर वजन असलें कीं त्याची एक बाजू ताणली जाते व समोरची दाबली जाते. अर्धा फेरा झाला कीं ताणलेली बाजू दाबांत येते व दाबलेली ताणांत. मागच्या चाकाचा घेर सुमारें ४ मीटर धरला, तर एका किलोमीटरांत आंसाचे २५० फेरे होतात. साखर कारखाना शेतापासून २० किलोमीटर असेल, तर जाऊन-येऊन १०,००० फेरे होतात. हंगामांत अशा १०० खेपा झाल्या कीं फेऱ्यांची संख्या १० लक्ष भरते. ट्रॅक्टर करणारानें हा हिशेब केलेला असतो व नेमून दिलेल्या भारापुरता आंस पुरेसा जाड ठेवलेला असतो. पण ज्या ट्रॉलीवर एक वजन लिहिलेलें असतें तिजवर आपण दीडपट-दुप्पट ऊस रचतों, आणि एका ट्रॅक्टरमागें अशा दोन ट्रॉल्या जोडतों. मग त्या हिशेबांत काय उरलें? भार दुप्पट झाला म्हणजे आंसाचें आयुष्य निम्में होतें, असेंही नव्हे. तें त्याहून कितीतरी पटींनीं घटतें. ट्रॉलीचा आंस फिरत नसला तरी त्यास ह्यांतून सुटका नाहीं. प्रत्येक खड्ड्यांत वरचा भार त्यावर आपटतो, व जेथें चौकोनी बार संपून गोल टोंक सुरू होतें नेमका तेथें तो मोडतो. तो कोपरा लेथवर काटकोनांत कापलेला असेल तर अधिक लौकर मोडतो. तेथें गोलाई ठेवावी ही रँकिनची शिकवण आहे, आणि तिला खर्च कांहींच नाहीं.

मोडलेला आंस भंगारवाल्यास देण्याची आमच्या लोकांस फार घाई असते. आमची विनंती आहे कीं, देण्यापूर्वीं त्याचें मोडलेलें तोंड उन्हांत धरून नीट पहावें. थकव्यानें मोडलेल्या आंसाच्या तोंडावर दोन भाग स्पष्ट दिसतात. एक भाग गुळगुळीत, काळसर किंवा तांबेरलेला असतो, व त्यावर कांदा चिरला असतां दिसतात तशीं अर्धवर्तुळाकार वळीं असतात. ती जुनी चीर. दुसरा भाग फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखा खरखरीत व ताज्या रंगाचा असतो. तो शेवटच्या क्षणीं तुटला. गुळगुळीत भाग मोठा व खरखरीत लहान असेल, तर भार बेताचा होता व चीर पुष्कळ काळ चालली होती, म्हणजे पाहणारास पुष्कळ संधि मिळाली होती. उलट खरखरीत भागच मोठा असेल, तर भारच अवाजवी होता. दांड्याच्या टोंकांवरील खांचा दोरीच्या पेडाप्रमाणें पिळलेल्या असतील, तर चालकानें क्लच झटक्यानें सोडला असावा किंवा एकच चाक एकाएकीं अडकलें असावें. खडू दोन्ही हातांनीं पिळला तर तिरपा तुटतो. कठीण पोलादाचा दांडा पिळानें तुटला असतां त्याचेंही तोंड तसेंच तिरपें दिसतें. बेअरिंगच्या जागीं निळसर झांक असेल, तर तेथें वंगण नव्हतें अथवा नट फाजील आवळलेला होता व पोलाद तापलें होतें. एवढें वाचतां आलें म्हणजे नवा आंस बसवितांना कोणती चूक टाळावयाची हें कोणास विचारण्याची गरज राहत नाहीं.

निगेच्या बाबतींत सर्वांत अधिक उपेक्षा होते ती ऑइल सीलची. रबराची ही कडी आंतलें तेल आंत व बाहेरचा चिखल बाहेर ठेवते. तिची किंमत आंसाच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं, परंतु ती गेली कीं बेअरिंग जातें, बेअरिंग गेलें कीं आंस डळमळतो, व डळमळणारा आंस फार दिवस टिकत नाहीं. कोंकणांत आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर ह्या भात पिकविणाऱ्या भागांत चिखलणीच्या वेळीं हबापर्यंत पाणी येतें. तेथें चिखलणी संपतांच, दुसऱ्या कामास हात घालण्यापूर्वीं, मागच्या आंसाचें तेल पहावें. तें दुधाळ दिसलें तर पाणी आंत गेलें आहे असें निश्चित समजावें व तेल बदलावें. तेंच तेल घालून पुढील हंगाम काढणें म्हणजे दंतचक्रें गंजावयास ठेवणें होय. पश्चिम महाराष्ट्रांतील बागाइती भागांत निराळेंच संकट उत्पन्न झालें आहे. ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे तुकडे, मल्चिंगचा प्लास्टिक कागद, गठ्ठ्यांची सुतळी हीं चाकाच्या आंतल्या बाजूस आंसाभोंवतीं गुंडाळलीं जातात व सील कापून काढतात. संध्याकाळीं ट्रॅक्टर गोठ्यांत उभा करतांना हात घालून हा गुंता काढण्यास दोन मिनिटें पुरतात.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जी फार थोड्यांस ठाऊक असते. आंसाच्या आवरणावर हवा येण्याजाण्यासाठीं एक लहान श्वासनळी असते. ती चिखलानें बुजली, तर आंतलें तेल तापून हवा फुगते, तिला वाट मिळत नाहीं, व ती सीलमधून तेल बाहेर लोटते. धनी सीलवर सील बदलतो, फिटरास शिव्या देतो, आणि गळती कांहीं थांबत नाहीं. श्वासनळी रॉकेलनें धुतली कीं ती थांबते.

पुढच्या चाकांच्या व ट्रॉलीच्या बेअरिंगांची परीक्षा घरच्या घरीं होते. चाक जॅकवर उचलावें, टायर वरून व खालून दोन्ही हातांनीं धरून आंतबाहेर हलवावा. टकटक असा खेळ लागला तर बेअरिंग ढिलें आहे किंवा झिजलें आहे. मग चाक फिरवून कान लावावा. चांगलें बेअरिंग मऊ आवाज करतें, खराब झालेलें दळणासारखा. ढिलें असेल तर टोपण काढून, चाक फिरवीत फिरवीत नट आवळावा, चाक जड झालें कीं तो एक खांच मागें सोडावा, आणि स्प्लिट पिन नवी घालावी. जुनी पिन सरळ करून पुन्हा घालण्याची, किंवा तिच्या जागीं तारेचा तुकडा वा खिळा अडकविण्याची रीत आमच्या पाहण्यांत सर्रास आहे. दहा-पांच रुपयांच्या त्या पिनेवर चाक टिकून असतें, हें सांगूनही पटत नाहीं. ग्रीस भरावयाचें तें बेअरिंगच्या रुळांच्या फटींत दाबून भरावें. सगळा हब ठासून भरला तर तें तापून बाहेर येतें. जुन्यावर दुसऱ्या जातीचें नवें ग्रीस चोपडूं नये, आधीं जुनें धुऊन काढावें. बेअरिंग बदलतांना आंतली व बाहेरची दोन्ही कडीं बदलावीं. अर्धें जुनें, अर्धें नवें ही काटकसर टिकत नाहीं.

आतां वापराविषयीं. भातखाचरांत लोखंडी पिंजऱ्याचीं चाकें टायराच्या बाहेर जोडतात. तीं जितकीं बाहेर जातील तितका आंसावरील वांक वाढतो, म्हणून तीं कामापुरतींच लावावीं आणि तशींच लावून ट्रॅक्टर रस्त्यावर मुळींच नेऊं नये. पुढचा आंस पिकाच्या ओळींप्रमाणें रुंद करतां येतो; त्या वेळीं दोन्ही बाजू सारख्याच भोंकांनीं सरकवाव्या, व सुकाणूच्या दांड्याची लांबीही त्या मानानें जुळवून घ्यावी, नाहीं तर टायर एकीकडून खरडले जातात आणि किंग पिन झिजते. डिफरन्शियल लॉक हा रुतलेल्या ट्रॅक्टरास सरळ बाहेर काढण्यापुरता आहे. तो लावलेला असतां वळण घेतलें, किंवा एक चाक गरगर फिरत असतांना तो दाबला, तर सगळा पीळ एका दांड्यावर येतो. चारही चाकें ओढणाऱ्या ट्रॅक्टरांत पुढची ओढ डांबरी रस्त्यावर बंद ठेवावी व पुढचे-मागचे टायर नेमून दिलेल्या मापाचेच घालावे. पुढचीं व मागचीं चाकें एकमेकांशीं झगडूं लागलीं म्हणजे तो झगडा पुढच्या आंसांतील सांध्यांस सोसावा लागतो.

ह्याहून गंभीर गोष्ट ओढण्यासंबंधाची आहे. साखळी किंवा ट्रॉलीचा दांडा मागच्या आंसाच्या मध्यापेक्षां उंच ठिकाणीं कधींही अडकवूं नये. चाकें चिखलांत घट्ट बसलीं असतां, किंवा त्यांपुढें ओंडका बांधून तीं अडकविलीं असतां, चालकानें क्लच सोडला तर आंस फिरूं शकत नाहीं. इंजिनाचा जोर तर कोठें तरी जाणारच. तेव्हां ट्रॅक्टरचें धूडच आंसाभोंवतीं फिरूं लागतें, पुढचीं चाकें वर उचललीं जातात, व डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर पालथा पडतो. उडी टाकण्यास अवसर मिळत नाहीं. रुतलेला ट्रॅक्टर मागें घेऊन काढावा. तसा निघत नसेल तर चाकांपुढची माती खणावी, आणि दुसऱ्या ट्रॅक्टरनें ओढावयाचा तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी.

आंस मोडलाच, तर पुढें काय करावें? येथें आमचें मत कित्येकांस कडक वाटेल. हाफ शाफ्ट वेल्डिंग करून वापरूं नये. एका खेपेपुरताही नव्हे. हा दांडा साध्या लोखंडाचा नसून शेंकडा ०·४ च्या आसपास कार्बन असलेल्या पोलादाचा असतो, व त्यास तापवून, विझवून, पुन्हा माफक तापवून विशिष्ट कणखरपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या आंचेनें हें संस्कारित पोलाद बिघडतें. जोडाच्या लगतचा पट्टा कांचेसारखा ठिसूळ होतो व तेथेंच नवी चीर सुरू होते. ‘आमच्या मिस्त्रीनें जोडलेला आंस दोन हंगाम चालला’ असें उदाहरण कोणी देतो. चालला असेल, पण तिसऱ्या हंगामांत तो कोठें मोडेल, बांधावर कीं घाटाच्या उतारावर, हें त्या मिस्त्रीस सांगतां येतें काय? ट्रॉलीसाठीं जुन्या मालमोटारीचे दांडे भंगारांतून आणून त्यांचे आंस करण्याची चालही आम्हांस पसंत नाहीं. त्या दांड्यानें आधींच किती लक्ष फेरे सोसले आहेत व त्यांत चीर आहे कीं नाहीं, हें विकणारासही ठाऊक नसतें.

चीर शोधण्याची एक जुनी रीत रेल्वेच्या कारखान्यांत वापरीत असत, ती कोणालाही करतां येण्यासारखी आहे. दांडा स्वच्छ करून कांहीं तास रॉकेलांत बुडवून ठेवावा, मग कोरडा पुसून त्यावर खडूच्या भुकटीचा पातळ लेप द्यावा. चीर असल्यास तिच्यांत शिरलेलें रॉकेल बाहेर पाझरतें व पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. एका बाजूचा दांडा मोडला असतां दुसऱ्या बाजूच्या दांड्याची ही परीक्षा अवश्य करावी, कारण दोघांनीं सारखेच फेरे सोसलेले असतात.

बदलण्याचें काम वाकबगार फिटराकडून करवावें, पण धन्यानें जवळ उभें राहून कांहीं गोष्टी पाहाव्या. जमीन सपाट व कठीण असावी, दुसऱ्या चाकांस ओट लावलेली असावी, आणि ट्रॅक्टर जॅकवर उचलल्यावर भक्कम लाकडी ठोकळ्यांवर किंवा लोखंडी घोडीवर टेंकविल्याशिवाय कोणासही खालीं जाऊं देऊं नये. मागच्या टायरांत पाणी भरलेलें असल्यास एकेका चाकाचें वजन शेंकडों किलो भरतें. असें चाक अंगावर कललें तर माणूस वांचत नाहीं, म्हणून तें दोघांतिघांनीं धरून किंवा पाणी काढूनच उतरवावें. आंतील पातळ चकत्या, ज्यांनीं आंसाचा आडवा खेळ जुळविलेला असतो, त्या हरवूं देऊं नयेत. सील नवें असावें, त्याचा ओठ तेलाच्या बाजूस असावा. बेअरिंग घणानें ठोकून न बसवितां गरम तेलांत तापवून बसवावें. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनें व नेमलेल्या जोरानेंच आवळावे, आणि पहिल्या दिवसाच्या कामानंतर चाकाचे नट पुन्हा एकदां आवळावे.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल कीं, हंगामांत एक दिवस ट्रॅक्टर उभा राहिला तर खेप बुडते, टोळी रिकामी बसते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाहीं. ही अडचण खरी आहे, व ती आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ती अडचण कोण सोसतो, हेंही पाहिलें पाहिजे. ‘चाकांतून आवाज येतो’ असें पगारी चालक प्रथम सांगतो. ‘एवढी खेप टाक, मग पाहूं’ असें उत्तर त्यास मिळतें. त्याच ट्रॉलीच्या उसावर बीडकडील ऊसतोड मजूर, त्यांच्या बायका व तान्हीं मुलें रात्रीं बसून येतात. तसें बसविणें कायद्याविरुद्ध आहे हें सर्वांस ठाऊक असूनही येतात. आवाज ऐकणारास थांबण्याचा अधिकार नाहीं, व अधिकार असणारा त्या ट्रॉलीवर बसत नाहीं, असा हा प्रकार आहे. आमच्या सभासदांनीं चालकाशीं करार करतांना, चाकाच्या तक्रारीवरून त्यानें गाडी उभी केल्यास त्याचा पगार कापला जाणार नाहीं, एवढें एक कलम तरी लिहून द्यावें.

तपासणीस दिवस कोणता, हाही वाद नको. चिखलणी संपलेली व गळीत सुरू व्हावयाचें असें खंडेनवमीच्या सुमारास असतें, आणि त्या दिवशीं आपण ट्रॅक्टर धुऊन त्यास झेंडूच्या माळा घालतोंच. माळा घालण्यापूर्वीं चाकें उचलून पाहावीं, टोपणें उघडून ग्रीस बदलावें, मागच्या आंसाचें तेल व श्वासनळी तपासावी. चार चाकांस अर्धा दिवस लागतो.

ज्या उपकरणांविना हें काम नीट होत नाहीं, म्हणजे मोठा जॅक, घोड्या, बेअरिंग ओढण्याचा पुलर, जोर मोजणारा पाना, तीं एकेका शेतकऱ्यानें विकत घेणें परवडणारें नाहीं. तीं सोसायटीनें घेऊन नांगर-पेरणी यंत्रांप्रमाणें भाड्यानें द्यावीं. त्याचबरोबर गांवांत ज्या जातीचे ट्रॅक्टर अधिक असतील त्यांचीं सीलें, बेअरिंगें, स्प्लिट पिना व निदान एक-एक हाफ शाफ्ट सोसायटीच्या भांडारांत असावा. म्हणजे आंस मोडल्यावर तालुक्याच्या गांवीं माणूस धाडून दोन दिवस वाट पाहण्याची व तेवढ्यांत वेल्डिंगवाल्याकडे धांव घेण्याची पाळी येणार नाहीं. प्रत्येक दांड्याच्या पुड्यावर ट्रॅक्टरची जात, तयार झाल्याचें वर्ष, दांड्याची लांबी, खांचांची संख्या व डावी कीं उजवी बाजू हें ठळक लिहून ठेवावें, कारण कांहीं ट्रॅक्टरांत डावीकडचा दांडा उजवीकडे बसत नाहीं.